अडीच कोटी ग्रहांचं साम्राज्य आणि ब्रुकलिनमधलं एक दुकान

मुलं हायस्कूलमध्ये गेली की घरातल्या पुस्तकांच्या कपाटात एक नवी जमात शिरते. जाडजूड पुस्तकं, मुखपृष्ठावर अवकाशयानं, आणि आत नकाशे, वंशावळी, हजारो वर्षांच्या सनावळ्या. ‘ड्यून’, ‘स्टार वॉर्स’, ‘स्टार ट्रेक’ ही नावं आपल्यालाही ऐकून माहीत असतात. जेवणाच्या टेबलावर मुलं त्यातल्या राजांविषयी आणि लढायांविषयी इतक्या आत्मीयतेनं बोलतात, की आपल्यालाही वाटतं, एकदा वाचून पाहावं. पण धाडस होत नाही. एखादी नवी सून मोठ्या खटल्याच्या घरात पहिल्यांदा पंगतीला बसते, आणि समोरची कोण कुणाची आत्या आणि कोण कुणाची चुलतसासू याचा तिला काही केल्या उलगडा होत नाही, तशी आपली अवस्था होते.

या लेखात अशाच एका विश्वाची ओळख करून द्यायची आहे. आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ मालिकेचं हे विश्व. २०२१ पासून ‘ॲपल टीव्ही’वर तिच्यावर आधारलेली मालिका आल्यामुळे हे नाव पुन्हा घराघरात पोहोचलं. असिमोव्ह यांनी स्वतः लिहिलेली या विश्वातली मुख्य पुस्तकं पंधराच्या आसपास. शिवाय त्यांच्या पश्चात इतर लेखकांनी घातलेली भर वेगळी. कथेचा काळ म्हणाल तर आपल्या शतकापासून सुरू होऊन वीस हजार वर्षांहून पुढे जाणारा!

एवढ्या पसाऱ्यात शिरायचा सोपा मार्ग म्हणजे तो कसा उभा राहिला ते आधी समजून घेणं. कारण हे विश्व काही आराखडा काढून बांधलेलं नाही. गावाकडच्या वाड्याला गरजेप्रमाणे कधी पडवी, कधी माडी, कधी मागची खोली वाढवत जावी, तसं ते पन्नास वर्षं वाढत गेलं. कुठली खोली कधी बांधली हे कळलं की वाड्यात वाट चुकत नाही. आणि हा इतिहास आपल्यासारख्या, देश सोडून आलेल्या माणसांना विशेष जवळचा वाटावा असा आहे.

दुकानातला मुलगा

असिमोव्ह यांचा जन्म रशियातल्या पेत्रोविची या गावी, स्मोलेन्स्कच्या परिसरात, १९२० सालच्या सुरुवातीला एका ज्यू कुटुंबात झाला. जन्माची नेमकी तारीख घरातही कुणाला खात्रीनं ठाऊक नव्हती. पुढे त्यांनी २ जानेवारी हा आपला वाढदिवस ठरवून टाकला. १९२३ साली हे कुटुंब अमेरिकेत आलं आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात स्थिरावलं. तेव्हा आयझॅक तीन वर्षांचा होता. १९२६ मध्ये वडिलांनी एक ‘कँडी स्टोअर’ विकत घेतलं. गोळ्या-चॉकलेट, सोडा, सिगारेटी, वर्तमानपत्रं, मासिकं असं सगळं विकणारं कोपऱ्यावरचं दुकान. पुढे दुकानं बदलली, पण व्यवसाय तोच राहिला. सकाळपासून रात्री उशिरापर्यंत घरातलं कुणी ना कुणी गल्ल्यावर. मुलगाही त्यातून सुटला नाही.

आईवडील मुलांशी यिडिश बोलत. रशियन भाषा मात्र त्यांनी एकमेकांशी बोलण्यापुरती राखून ठेवली होती. मुलांना कळू नये असं काही बोलायचं झालं की रशियन! परिणाम असा झाला की रशियात जन्मलेल्या या मुलाला रशियन भाषा कधी आलीच नाही. इंग्रजी वाचायला मात्र तो शाळेत जाण्याआधीच आपला आपण शिकला.

दुकानात रंगीबेरंगी मुखपृष्ठांची, स्वस्त कागदावर छापलेली कथामासिकं टांगलेली असत. आयझॅकला ती वाचायची मनाई होती. हे असलं वाचून पोरगं बिघडेल, ही आपल्याकडच्या वडिलांना असते तशीच भीती. १९२९ साली ‘सायन्स वंडर स्टोरीज’ नावाचं मासिक दुकानात आलं. नऊ वर्षांच्या आयझॅकनं वडिलांना नावातला ‘सायन्स’ हा शब्द दाखवला. ज्या अर्थी विज्ञानाचं आहे त्या अर्थी अभ्यासाचंच असणार, असं वडिलांना वाटलं आणि परवानगी मिळाली! एकच अट होती. मासिक विकायचं असल्यामुळे ते अगदी कोरं राहिलं पाहिजे. म्हणजे एकही पान न दुमडता वाचायचं आणि परत जागेवर टांगायचं.

या परवानगीतून एक लेखक तयार झाला. १९३८ साली, कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, हा मुलगा स्वतः लिहिलेली कथा घेऊन ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या मासिकाच्या कचेरीत गेला. संपादक जॉन कॅम्पबेल यांनी ती कथा नाकारली, पण त्याच्याशी तासभर गप्पा मारल्या. नवख्या लेखकाला दारातून परत न पाठवणारा असा संपादक भेटणं हे भाग्यच म्हणायचं.

भुयारी रेल्वेत सुचलेलं साम्राज्य

१ ऑगस्ट १९४१ या दिवशी असिमोव्ह भुयारी रेल्वेनं कॅम्पबेल यांना भेटायला निघाले होते. वय २१. कथेची कल्पना सांगायची होती आणि डोक्यात काहीच नव्हतं. हातात गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिकांचं पुस्तक होतं. ते त्यांनी सहज उघडलं, तर समोर ‘आयोलँथी’मधलं चित्र आलं. परीराणी एका पहारेकरी शिपायासमोर गुडघे टेकून बसली आहे असं ते चित्र. शिपायावरून सैन्य, सैन्यावरून साम्राज्य, साम्राज्यावरून रोम, अशी विचारांची गाडी धावली. एडवर्ड गिबन यांचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरचा प्रचंड ग्रंथ असिमोव्ह यांनी दोनदा वाचलेला होता. त्या ग्रंथाचा पहिला खंड १७७६ सालचा. मग मनात आलं, अख्ख्या आकाशगंगेवर पसरलेल्या साम्राज्याच्या पडझडीची गोष्ट लिहिली तर? आणि तीही त्या पडझडीनंतरच्या काळातल्या इतिहासकाराच्या नजरेतून?

कॅम्पबेलना कल्पना इतकी आवडली की एका कथेवर ते थांबायला तयारच होईनात. मालिकाच लिही, म्हणाले. त्या दिवशी जगात काय चाललं होतं हेही लक्षात घ्यायला हवं. जूनमध्ये जर्मन फौजा रशियात घुसल्या होत्या आणि असिमोव्ह यांच्या जन्मगावच्या परिसरात, स्मोलेन्स्कला, घनघोर लढाई जुंपलेली होती. साम्राज्यं कशी कोसळतात आणि कोसळल्यावर माणसांचं काय होतं, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात पुस्तकी नव्हता.

गोष्ट काय आहे?

आता गोष्टीकडे वळू. (पुढचा भाग पहिल्या पुस्तकापुरताच आहे. नंतरची रहस्यं फोडणार नाही, काळजी नसावी.)

माणूस आकाशगंगाभर पसरला आहे. सुमारे अडीच कोटी ग्रहांवर त्याची वस्ती आहे. आपण मुळात कुठल्या ग्रहावरून आलो हेसुद्धा तो विसरून गेला आहे. या सगळ्यावर बारा हजार वर्षं एकच साम्राज्य राज्य करतं आहे. राजधानी ट्रॅण्टर. हा अख्खा ग्रह म्हणजे एकच शहर आहे. चार हजार कोटी लोकसंख्या, धातूच्या छताखाली मजल्यांवर मजले, आणि खायला अन्न मात्र दुसऱ्या ग्रहांवरून जहाजांनी यायचं. ‘स्टार वॉर्स’मधला कोरुसांट हा शहर-ग्रह आपल्या मुलांना माहीत असतो. त्याच्या कितीतरी आधी, १९४०च्या दशकात, ट्रॅण्टर कागदावर उतरला होता.

या ट्रॅण्टरवर हारी सेल्डन नावाचा गणिती राहतो. नाव वाचून आपल्याला आपला हरी आठवतो खरा! त्यानं ‘सायकोहिस्टरी’ नावाचं शास्त्र विकसित केलं आहे. यामागची कल्पना रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुचावी अशीच आहे. भांड्यात कोंडलेल्या वायूचा एक रेणू पुढच्या क्षणी कुठे जाईल हे कुणीच सांगू शकत नाही. पण भांड्यातल्या सगळ्या रेणूंचा मिळून दाब किती होईल, तापमान वाढलं तर काय होईल, हे आपण अचूक सांगू शकतो. माणसांचंही तसंच, असं सेल्डन म्हणतो. एकट्या माणसाचं भविष्य सांगता येत नाही, पण परार्धांच्या हिशेबात माणसं घेतली तर समाजाचं सांगता येतं. मात्र दोन अटी आहेत. माणसांची संख्या अफाट हवी, आणि भाकीत काय आहे ते त्यांना ठाऊक नसावं. ठाऊक झालं की माणसं निराळी वागू लागतात आणि गणित चुकतं.

सेल्डनचं गणित सांगतं की साम्राज्य कोसळणार. त्यानंतर तीस हजार वर्षं अंधारयुग चालेल. कोसळणं आता थांबवता येणार नाही, पण अंधारयुग हजार वर्षांवर आणता येईल. त्यासाठी तो साम्राज्याच्या अगदी कडेला, टर्मिनस नावाच्या ओसाड ग्रहावर, संशोधकांची वसाहत वसवतो. बायकामुलांसह माणसं तिकडे जातात. त्यांचं काम एकच, मानवाचं सगळं ज्ञान एकत्र करणारा महाकोश तयार करायचा. त्याचं नाव ‘एन्सायक्लोपीडिया गॅलॅक्टिका’. ही वसाहत म्हणजेच फाउंडेशन.

पन्नास वर्षं जातात. टर्मिनसवर जन्मलेली पिढी कर्ती होते. तिनं ट्रॅण्टर पाहिलेलाही नाही. इकडे साम्राज्याच्या कडेचे सुभे फुटून स्वतंत्र राज्यं होतात. हे प्रकरण मराठी वाचकाला फार लवकर कळतं. औरंगजेब १७०७ मध्ये गेल्यानंतर हैदराबाद, अवध, बंगालचे सुभेदार आपापले धनी झाले, तरी बादशहाचं नाव मात्र सगळे घेत राहिले. महादजी शिंद्यांनीसुद्धा १७८४ साली ‘वकील-इ-मुतलक’ हे पद त्याच नामधारी बादशहाकडून घेतलं. सत्ता संपल्यानंतरही नावाचा दरारा किती वर्षं पुरतो, हे आपण शाळेत शिकलेलो आहोत.

टर्मिनसच्या शेजारची राज्यं या छोट्या वसाहतीवर डोळा ठेवून असतात. वसाहतीकडे सैन्य नाही, धातू नाही. महाकोश करणारे विद्वान म्हणतात, आम्ही बादशहाची माणसं, आम्हाला कोण हात लावणार? शहराचा तरुण महापौर साल्व्हर हार्डिन याला मात्र धोका दिसतो. इथे असिमोव्ह यांनी एक झकास पात्र आणलं आहे, लॉर्ड डॉर्विन. ट्रॅण्टरहून आलेला हा सरदार पुराणवस्तुशास्त्राचा मोठा शौकीन आहे. माणूस मुळात कुठल्या ग्रहावरून आला, या विषयावर तो संशोधन करतो. कसं? तर जुन्या ग्रंथकारांची मतं एकमेकांशी ताडून पाहतो. हार्डिन विचारतो, त्या ग्रहांवर स्वतः जाऊन का पाहत नाही? डॉर्विनला हा प्रश्नच चमत्कारिक वाटतो. थोरामोठ्यांनी पूर्वीच सगळं लिहून ठेवलं असताना, धुळीत हात घालायची गरज काय?

साम्राज्य का कोसळलं याचं उत्तर असिमोव्ह यांनी या एका प्रसंगात दिलं आहे. ज्ञान होतं, ग्रंथ होते, पण नवं काही शोधायची आणि मोडलेलं दुरुस्त करायची सवय गेली होती. अणुशक्तीची केंद्रं बंद पडत होती आणि ती कशी चालतात हे कुणाला ठाऊक नव्हतं.

मग वसाहतीच्या पन्नासाव्या वर्षी एक बंद दालन उघडतं. सेल्डननं मरण्यापूर्वी नोंदवून ठेवलेली त्याची प्रतिमा तिथे प्रकट होते आणि लोकांना सांगते की महाकोश हे निव्वळ निमित्त होतं! तो पुरा झाला काय आणि न झाला काय, सारखंच. खरं काम होतं ते ही माणसं इथे आणून वसवण्याचं. पुढे संकटं येतील. दर वेळी मार्ग एकच उरेल आणि तो तुम्हालाच शोधावा लागेल. कोणता, ते सांगणार नाही.

आयुष्यभर महाकोशाच्या नोंदी लिहिणाऱ्या विद्वानांवर काय प्रसंग गुदरला असेल, याची कल्पना करा.

यापुढे पहिलं पुस्तक एकेका संकटाची गोष्ट सांगत जातं. आधी शेजाऱ्यांना एकमेकांविरुद्ध झुलवून बचाव होतो. मग फाउंडेशनचं विज्ञान शेजारच्या राज्यांत धर्माच्या वेषात जातं. तंत्रज्ञ हे पुरोहित होतात आणि वीजकेंद्र हे देऊळ. त्यानंतर व्यापाऱ्यांचा काळ येतो. होबर मॅलो नावाचा व्यापारी एक गोळीही न झाडता युद्ध जिंकतो, कारण शत्रूच्या घरातली उपकरणं फाउंडेशनच्या मालावर चालत असतात आणि तो मालच मिळेनासा होतो. संपूर्ण पुस्तकात लढाया जवळजवळ नाहीत, माणसं खोलीत बसून बोलतात. आणि तरीही पुस्तक खाली ठेवावंसं वाटत नाही.

मासिकातून पुस्तकात

या कथा मुळात मासिकात सुट्या आल्या. ‘फाउंडेशन’ ही पहिली कथा ‘अस्टाउंडिंग’च्या मे १९४२च्या अंकात, दुसरी लगेच जूनमध्ये. नंतर दोन वर्षं खंड पडला. महायुद्धाच्या काळात असिमोव्ह फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी करत होते. १९४४ पासून मालिका पुन्हा सुरू झाली आणि जानेवारी १९५०च्या अंकात संपली. एकूण आठ कथा. ‘नोम प्रेस’ या छोट्या प्रकाशनानं त्या तीन पुस्तकांत काढल्या, ‘फाउंडेशन’ (१९५१), ‘फाउंडेशन अँड एम्पायर’ (१९५२) आणि ‘सेकंड फाउंडेशन’ (१९५३). पहिल्या पुस्तकाची सुरुवात, जिथे गाल डॉर्निक नावाचा खेड्यातला हुशार तरुण पहिल्यांदा ट्रॅण्टरवर उतरतो आणि भांबावतो, ती पुस्तकासाठी मुद्दाम नव्यानं लिहिलेली आहे.

एवढा इतिहास माहीत असला की वाचताना येणाऱ्या पुष्कळ शंका आपोआप मिटतात. दर पन्नास-साठ पानांनी पात्रं का बदलतात? कारण ती वेगळी कथा असते, आणि मधे दशकं उलटलेली असतात. भविष्यातली माणसं इतक्या सिगारेटी का ओढतात, आणि खिशात मावणाऱ्या अणुभट्ट्या असूनही संगणक का दिसत नाहीत? कारण हे १९४२ साली लिहिलं आहे. सुरुवातीच्या कथांत स्त्रिया जवळपास नाहीत हेही आज डोळ्यांत भरतं. दुसऱ्या पुस्तकातली बेटा आणि तिसऱ्यातली चौदा वर्षांची आर्केडी येईपर्यंत थांबावं लागतं. पण त्या दोघी आल्या की कथा त्यांच्याच हातात जाते.

दुसऱ्या पुस्तकातला एक सरदार, बेल रियोझ, हा इतिहासातल्या बेलिसारियस या सेनापतीवरून घेतला आहे. बेलिसारियस म्हणजे सम्राट जस्टिनियनचा पराक्रमी आणि तरीही संशयाला बळी पडलेला सेनानी. आणि त्याच पुस्तकात ‘म्यूल’ येतो. सेल्डनची योजना दर वेळी यशस्वीच होणार असेल तर गोष्टीत गंमत ती काय राहिली? कॅम्पबेल यांनी आग्रह धरला की योजना मोडून दाखव. असिमोव्ह यांना ते आधी पटेना. पण १९४५ च्या त्या कथेत त्यांनी असा एक माणूस उभा केला जो कुठल्याच गणितात बसत नाही. वायूच्या भांड्यातला एकच रेणू, पण सगळं भांडं हलवणारा. हिटलरचं युद्ध त्याच वर्षी संपलं होतं. एकटा माणूस इतिहास बदलू शकतो का, या प्रश्नावर वाचकांना वेगळं काही समजावून सांगायची गरज नव्हती.

१९६६ साली विज्ञानकथांच्या मानाच्या ह्यूगो पुरस्कारात ‘आजवरची सर्वोत्तम मालिका’ असा खास पुरस्कार ठेवला गेला. स्पर्धेत टॉल्किन यांचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ही होतं. पुरस्कार ‘फाउंडेशन’ला मिळाला.

रोबोंची मागची खोली

या सगळ्याच्या बरोबरीनं असिमोव्ह आणखी दोन प्रकारच्या गोष्टी लिहीत होते. एक, यंत्रमानवांच्या. त्यांची पहिली रोबोकथा १९४० सालची. मार्च १९४२ च्या ‘रनअराउंड’ या कथेत यंत्रमानवांचे तीन नियम स्पष्ट शब्दांत आले. माणसाला इजा करायची नाही किंवा होऊ द्यायची नाही. पहिल्या नियमाआड येत नसेल तर माणसाची आज्ञा पाळायची. आणि या दोन्हींना बाधा येत नसेल तर स्वतःला जपायचं. ‘रोबो’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकानं जगाला दिला, पण ‘रोबोटिक्स’ हा शब्द असिमोव्ह यांच्या कथेतून आला. या कथांचा संग्रह म्हणजे ‘आय, रोबोट’ (१९५०). पुढे ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ (१९५४) आणि ‘द नेकेड सन’ (१९५७) या कादंबऱ्यांत न्यूयॉर्कचा पोलीस इलायजा बेली आणि माणसासारखाच दिसणारा यंत्रमानव डॅनील ऑलिव्हॉ ही जोडी खुनांचा तपास करते.

दुसरा प्रकार म्हणजे साम्राज्याच्या सुरुवातीच्या काळातल्या तीन कादंबऱ्या, १९५० ते १९५२ मधल्या.

ही दालनं एकमेकांशी जोडायचा असिमोव्ह यांचा मुळात काही बेत नव्हता. फाउंडेशनच्या कथांत यंत्रमानव नाहीत याचं साधं कारण ती मालिकाच वेगळी होती. तीस वर्षं अशीच गेली. वाचक आणि प्रकाशक पिच्छा सोडेनात, तेव्हा त्यांनी १९८२ मध्ये ‘फाउंडेशन्स एज’ लिहिलं. त्या वेळेपर्यंत शेकडो पुस्तकं नावावर असलेल्या या लेखकाचं पुस्तक पहिल्यांदाच ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या सर्वाधिक खपाच्या यादीत झळकलं. मग त्यांनी भिंती पाडून खोल्या जोडायला घेतल्या. ‘द रोबोट्स ऑफ डॉन’ (१९८३), ‘रोबोट्स अँड एम्पायर’ (१९८५), ‘फाउंडेशन अँड अर्थ’ (१९८६), आणि सेल्डनच्या तरुणपणाची गोष्ट सांगणारं ‘प्रिल्यूड टू फाउंडेशन’ (१९८८). शेवटचं ‘फॉरवर्ड द फाउंडेशन’ त्यांच्या मृत्यूनंतर, १९९३ मध्ये आलं. असिमोव्ह ६ एप्रिल १९९२ रोजी गेले. या जोडकामात कुठे कुठे चौकटी तिरक्या बसल्या आहेत, साली जुळत नाहीत. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या कथेतली एखादी राहून गेलेली शंका नव्या पुस्तकात सुटते तेव्हा वाचकाला जो आनंद होतो, तो काही औरच.

मग सुरुवात कुठून करायची?

‘प्रिल्यूड टू फाउंडेशन’च्या सुरुवातीला असिमोव्ह यांनी स्वतः चौदा पुस्तकांची कालानुक्रमे यादी दिली आहे. आधी यंत्रमानव, मग साम्राज्य, मग फाउंडेशन. नव्या वाचकानं पहिल्या खेपेला त्या क्रमानं जाऊ नये, असं माझं मत आहे. महाभारत वाचायला बसणाऱ्यानं आदिपर्वातल्या सगळ्या वंशावळी पाठ करूनच पुढे जायचं म्हटलं, तर तो कुरुक्षेत्रापर्यंत पोहोचेल का? त्यापेक्षा पुस्तकं ज्या क्रमानं लिहिली गेली त्या क्रमानं वाचावीत.

पहिल्यांदा १९५१ चं ‘फाउंडेशन’. जेमतेम अडीचशे पानांचं आहे. ते आवडलं तर पुढची दोन. तिथे थांबलात तरी गोष्ट पुरी झाल्याचं समाधान मिळेल. मूळ वाचकांनी तीस वर्षं एवढ्यावरच काढली. नंतर ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ आणि ‘द नेकेड सन’. रहस्यकथांची आवड असलेल्यांनी तर इथूनच सुरुवात केली तरी चालेल. त्यानंतर १९८२ पासूनची पुस्तकं. ‘प्रिल्यूड’ नावानं पूर्वार्ध असलं तरी शेवटीच ठेवा, कारण त्यात आधीच्या पुस्तकांमधली रहस्यं उघडी पडतात. साम्राज्याच्या तीन कादंबऱ्या मधे केव्हाही, किंवा नाही वाचल्या तरी अडत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांना ‘आय, रोबोट’मधली रॉबीची गोष्ट द्यावी. यंत्रमानव आणि त्याला जीव लावणारी छोटी मुलगी, एवढीच ती गोष्ट आहे.

टीव्हीवरची मालिका बघितली म्हणजे पुस्तक वाचलं असं मात्र समजू नये. तीत राज्य करणारे एकाच सम्राटाचे प्रतिरूप वंशज मूळ पुस्तकात नाहीत. आणि पुस्तकातले गाल व साल्व्हर हे पुरुष मालिकेत स्त्रिया झाल्या आहेत. मालिका देखणी आहे, पण ती वेगळी गोष्ट आहे.

आपल्याला यात काय?

मराठी वाचकाला विज्ञानकथा परकी नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं आलेल्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिलं बक्षीस मिळालं, आणि हे जगताप म्हणजे आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून लिहिणारे डॉ. जयंत नारळीकर होते, हा किस्सा प्रसिद्ध आहे. २०२५ साली ते आपल्याला सोडून गेले. त्यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत एका लुप्त झालेल्या संस्कृतीनं मागे ठेवलेली पेटी सापडते, आणि तिच्यातल्या ज्ञानातून एक यंत्रमानव तयार होतो. पेटीत ज्ञान आहे, पण ते ज्यांनी मिळवलं ती माणसं नाहीत. म्हणजे असिमोव्ह आणि नारळीकर दोघेही एकाच प्रश्नाभोवती फिरताहेत. मागे ठेवलेलं ज्ञान आणि ते घेणारी माणसं, यांचं नातं काय?

फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘फाल्कन हेवी’ अग्निबाणानं एक मोटारगाडी अवकाशात सोडली, ते बहुतेकांना आठवत असेल. त्या गाडीत स्फटिकाची एक छोटी चकती होती, आणि तिच्यावर फाउंडेशनची पहिली तीन पुस्तकं कोरलेली आहेत. ती आज सूर्याभोवती फिरते आहे. पुस्तक टिकवायचा याहून पक्का बंदोबस्त कोणता? पण ते तिथे वाचणारं कुणी नाही.

आपण इकडे येताना आपापला छोटा महाकोश घेऊन आलो. ज्ञानेश्वरीची प्रत, पुलंची पुस्तकं, गाण्यांच्या कॅसेटी, आजीच्या हातच्या पाककृतींची वही. पुढे कॅसेटींच्या सीडी झाल्या, सीडींच्या फायली झाल्या. सगळं जपून ठेवलं, आणि ते योग्यच केलं. पण टर्मिनसची गोष्ट वाचताना वाटतं की जपून ठेवणं हा कामाचा अर्धाच भाग आहे. टर्मिनस तगलं ते महाकोशाच्या खंडांवर नाही. तिथे जन्मलेल्या, ट्रॅण्टर न पाहिलेल्या पिढीनं आपल्या अडचणी आपल्या पद्धतीनं सोडवल्या म्हणून तगलं. हार्डिननं वडीलधाऱ्यांचा महाकोश जाळला नाही. फक्त त्याची राखण करत बसायला तो तयार नव्हता.

आपली मुलं मराठीत आपल्यासारखं बोलणार नाहीत. त्यांची नाटकं, त्यांचं ढोल-लेझीम, त्यांचे मोदकसुद्धा थोडे निराळे असणार. पण ती ते स्वतः करतील तर ते त्यांचं होईल. आणि ब्रुकलिनमधल्या त्या दुकानाची गोष्टही विसरायला नको. तिथल्या आईवडिलांनी आपली रशियन भाषा एकमेकांपुरती राखून ठेवली, आणि ती त्यांच्याबरोबरच त्या घरातून गेली. मासिक वाचायची परवानगी मात्र त्यांनी थोड्या नाखुशीनं का होईना मुलाला दिली, आणि त्यातून अडीच कोटी ग्रह जन्माला आले.

तेव्हा यंदाच्या हिवाळ्यात ‘फाउंडेशन’ हाती घ्या. शक्य असेल तर घरातल्या मुलांबरोबर वाचा. पन्नासाव्या वर्षी ते दालन उघडतं त्या पानावर थोडं थांबा, आणि विद्वानांचं चुकलं की सेल्डनचं, हे मुलांना विचारा. चर्चा मराठीत होईल की इंग्रजीत, याची फार चिंता करू नका. उत्तरं मात्र लक्ष देऊन ऐका.